अर्ध्यावरचा झेंडा

टेम्पो तलासरीच्या तहसील ऑफिससमोर थांबला आणि मनिष कापड आणायला पलीकडच्या दुकानात गेला. मागे हौद्यात लाडकी बसली होती. तिच्या मांडीवर धाकल्याचं, तिच्या नवऱ्याचं, डोकं होतं. पहाटे दवाखान्यात त्याचा जीव गेला होता. पावसाची भुरभुर चालू होती म्हणून तिने त्याच्या तोंडावर पदर धरला होता. मेलेल्या माणसाला पाऊस लागत नाही हे तिला कळत होतं. पण जन्माची सवय अशी एका सकाळीत थोडीच सुटते.

तिने सहज वर पाहिलं. ऑफिसचा झेंडा खांबाच्या निम्म्यावर उतरलेला होता.

ह्याच खांबासमोर धाकल्या दोन पावसाळे धरणं धरून बसला होता. जपानची बुलेट गाडी पाड्यातून जाणार, घरं उठणार. आम्ही उठणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बरोबरचे एकेक करून निघून गेले, हा बसून राहिला. साहेब लोक त्याला वळसा घालून चहाला जायचे. बसून बसून झेंड्याचं सगळं शास्त्र मात्र त्याला पाठ झालं. "मोठा माणूस मेला का झेंडा अर्धा करतात," असं त्याने एकदा घरी येऊन सांगितलं होतं.

मनिष कापड घेऊन आला. धाकल्याचा पुतण्या तो, टेम्पो त्याचाच. लाडकीने त्याला बोटाने झेंडा दाखवला.

"सरकारला समजलं, बघ."

"काय, काकी?"

"तुझा काका गेला तं. झेंडा खाली घेतला."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मनिषला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्याला ते खरं वाटलं. रात्रभर दवाखान्याच्या फरशीवर बसलेल्या माणसाला काहीतरी खरं वाटावंसं वाटतं. लाडकी म्हणाली, पाड्यावर फोन कर. त्याने केला.

"हो, हो, काकासाठीच. माझ्या डोळ्यासमोर आहे झेंडा!"

तिकडे कोणीतरी मोठ्याने रडायला लागलं, ते हौद्यात बसलेल्या लाडकीलाही ऐकू आलं. तिला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. नवरा गेल्याच्या दिवशी बरं वाटणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच माहीत.

शनिवार होता, ऑफिसला सुट्टी. एकटा शिपाई उमेश व्हरांड्यात होता. मयत पाहून तो छत्री घेऊन आला आणि चेहरा ओळखून त्याने हात जोडले. धरण्याच्या दिवसांत तो धाकल्याला साहेबांच्या नकळत चहा द्यायचा.

"उमेशभाऊ, तूच खाली केला ना झेंडा?" लाडकीने विचारलं. "बेस केलास."

उमेश आधी गोंधळला. मग त्याला उमगलं. खोटं बोलावं की नाही हे ठरायच्या आतच त्याच्या तोंडून खरं निघून गेलं.

"मावशी, तो... वरून ऑर्डर आहे. जपानचे पंतप्रधान होते ना, आधीचे, त्यांना काल कोणीतरी गोळी घातली. आपल्या देशातपण आज दुखवटा आहे."

"जपान म्हणजे तो गाडीवाला?"

"हां."

लाडकीने धाकल्याच्या तोंडावरचा पदर सारखा केला.

"त्याची बायको हाये?"

"असेल, मावशी."

मनिषने घाईघाईने फोन काढला. "पाड्यावर सांगतो, चूक झाली म्हणून."

"ऱ्हाऊ दे. आधी ह्याला घरी ने," लाडकी म्हणाली.

मयत उचललं जाईपर्यंत पाड्यावर कोणी कामाला हात लावत नाही. चूल पेटत नाही, कुऱ्हाड वाजत नाही. पण टेम्पो पाड्यात वळला तेव्हा बुधीबाईच्या घरावर तिचा मुलगा सुकऱ्या चढलेला दिसला. हे घर लाडकीच्या शेजारचं, तेही गाडीच्या वाटेतलं. धाकल्याला दवाखान्यात नेल्यावर मायलेकांचा धीर सुटला होता. भांडी बांधून झाली होती, आणि कालपासून सुकऱ्या कौलं उतरवत होता. अर्धं छप्पर उघडं पडलं होतं.

आता तो तीच कौलं पुन्हा चढवत होता. आणि पाड्यातलं कोणी त्याला आज काम कसं धरलंस म्हणून विचारत नव्हतं.

बुधीबाई धावत आली आणि लाडकीच्या गळ्यात पडली.

"तुझ्या डोकऱ्यानं मरून आम्हाला राखलं गं! सरकारनं मान खाली घातली. आता कशाला उठवतील आम्हाला?"

बायका रडत होत्या आणि रडता रडता हसतही होत्या. मनिषने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. लाडकीने त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने ते मिटलं. काय सांगणार होती ती? झेंडा दुसऱ्याच मयताचा होता म्हणून? आणि ते ऐकून ह्या बाईने आजची रात्र उघड्या छपराखाली कशी काढायची? खरं काय ते सांगणारे येणारच होते, आज ना उद्या, आपल्या सरकारी गाडीत बसून. लाडकीला एवढा संताप आला, की रडू फुटेना.

गडीमाणसं टेम्पोतून धाकल्याला उतरवत होती. पाऊस वाढला.

"अरे, कोणीतरी कौलं द्या रे वर!" छपरावरून सुकऱ्या ओरडला.

कौलांच्या ढिगाजवळ लाडकीच उभी होती. तिने वाकून एक कौल उचललं आणि त्याच्या हातात दिलं. मग दुसरं.