हवेचा घण

नारळ फुटला आणि हरेश्वरने पेडलवर पाय दाबला. कॉम्प्रेसरची हवा फुसकन सिलिंडरमध्ये शिरली आणि हातोडा धाडकन ऐरणीवर आदळला. लोहारशाळेपुढे जमलेल्या चांदीप गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हरेश्वरच्या बायकोने, कमळीनेही वाजवल्या. या यंत्रासाठी भंगारातून आणलेला लोखंडी खांब नवरा वेल्डिंगने जोडत होता, तेव्हा तो सरळ धरून तीच उभी होती. वेल्डिंगच्या उजेडाने नंतर रात्रभर तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग झाली. आज यंत्राला हळदकुंकू लावताना तिला वाटलं, सुटला आपला खांदा. लग्न होऊन आली तेव्हाच सासऱ्यांनी तिच्या हाती घण दिला होता. नवऱ्याने तापलेलं लोखंड सांडशीने ऐरणीवर धरायचं आणि तिने वरून घण घालायचा. पोटुशी असतानाही तिने तो घातला होता.

भट्टीत कोयत्याचं लोखंड पिवळं झालं. पदर खोचून कमळी पेडलपाशी गेली.

"तू बाजूला हो," सांडशी उचलत हरेश्वर म्हणाला. "पेडल नथू मारेल."

नथू म्हणजे तिचा धाकटा दीर. वसईत मोबाइलच्या दुकानात कामाला. घणाला त्याने कधी हात लावला नव्हता. इस्त्रीची पँट सावरत तो पुढे आला.

"नथू का? मी हाय ना."

"मशीन हाय ती. बाईमानसाचं काम नाय. हात जायचा एखाद्याचा."

"वहिनी, तुम्ही आता आराम करा," नथू म्हणाला. "दादाने तुमच्यासाठीच तर बनवलंय."

लोक हसले. कमळीची कानशिलं तापली.

"घण डोक्यावर उचलायचा होता तवा बाई चालत होती. आता नुसता पाय दाबायचा, तर बाई चालत नाय?"

हसू थांबलं.

"लोकांपुढं तमाशा नको," हरेश्वर दबक्या आवाजात म्हणाला.

"लोकांपुढंच घण घालत आले मी. तवा कोनाला तमाशा दिसला नाय."

तिने त्याच्या हातातून सांडशी ओढून घेतली. भट्टीतलं लोखंड बाहेर काढलं, नवऱ्याच्या बसायच्या पाटावर बसली आणि ते हातोड्याखाली धरलं. त्या पाटावर घरातली बाई कधी बसली नव्हती.

"दाबा."

नथूने भावाकडे पाहिलं आणि तो मागे सरकला. पिवळं लोखंड लाल पडू लागलं. कमळीने मान वर केली नाही.

शेवटी हरेश्वरच पुढे आला. त्याने पेडलवर पाय ठेवला.

"हात सांभाळ गं," तो म्हणाला.

"एवढी वर्षं तुमचे मी सांभाळले," कमळी म्हणाली. "दाबा."