फॅटची पाटी

शांभवीनं संगणकात सात टाइप केलं आणि डेअरीच्या भिंतीवरच्या पाटीत लाल आकडा उजळला. सात. मग तिनं पाच टाइप केलं. पाटीनं निमूट पाच दाखवलं. चेअरमन बाळासो खुर्चीतून उठले. पाटीला हात जोडायचेच काय ते बाकी होते.

गाव जोतिबाच्या वाटेवरचं, साल दोन हजार चार. दुधाची फॅट मोजायचं यंत्र डेअरीत नुकतंच आलं होतं. यंत्र मोजणार, आकडा संगणकाच्या पडद्यावर येणार आणि तोच बाहेरच्या पाटीवर रांगेतल्या बायकांना दिसणार. जितकी फॅट जास्त, तितका दुधाला दर जास्त. इतकी वर्षं फॅट गुंडू सेक्रेटरी तोंडानं सांगायचा. धोंडुबाईच्या एकुलत्या एका म्हशीची कायम पाच लागायची, चेअरमनच्या गोठ्याची कायम आठ. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, गोठ्यातल्या म्हशीही बदलल्या. आठ काही बदलली नाही.

आता त्या आठचं काय होणार, या काळजीनं चेअरमनची झोप उडाली. त्यांनी मंगळवार पेठेतल्या अमरेशच्या सॉफ्टवेअर कंपनीला करारात एक कलम वाढवायला लावलं. आकडा दोन्हीकडून बदलला पाहिजे. यंत्रानं मोजलेला पडद्यावर यावा आणि पडद्यावर टाइप केलेला पाटीवर जावा. यंत्रसुद्धा चुकतं, असं कारण त्यांनी दिलं. मोजलेला आकडा कुणाला खोडता येऊ नये, असं त्याच्याकडं प्रोग्राम लिहिणाऱ्या शांभवीनं अमरेशला सांगून पाहिलं. गिऱ्हाईक कोण आणि नोकर कोण, हे अमरेशनं तिला शांतपणे समजावलं. तिची नोकरी अजून कच्ची होती. चाचणीच्या कागदावर चेअरमनची सही आणली की पक्की होणार होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तिनं त्या कलमातला शब्दन् शब्द पाळून प्रोग्राम बनवला.

आता उद्घाटनाला तासभर उरला होता आणि ती कागद घेऊन उभी होती. टाइप केलेलं पाटीवर जातंय, ही एक बाजू झाली, असं तिनं सांगितलं. यंत्रात दूध ठेवून दुसरी बाजू तपासायची राहिली आहे, दहा मिनिटं लागतील.

"ती मशीनची बाजू हाय," बाळासो म्हणाले. "मशीनला काय इच्चारायचं? सही कुठं करू ते सांगा, म्याडम."

नियम म्हणून तिनं पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी सही ठोकली आणि वर आपल्याच अक्षरात लिहिलं, दोन्हीकडून व्यवस्थित चालते. शांभवीनं कागदाची घडी करून तो पर्समध्ये ठेवला.

नारळ फुटला. तालुक्याहून आलेले पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर बसले. पहिली किटली मानाची, म्हणजे अर्थातच चेअरमनच्या घरची. गुंडूनं त्यातलं दूध यंत्रात ठेवलं.

पाटीवर तीन आलं.

रांगेतल्या माना वर झाल्या. गुंडूनं घाईघाईनं आठ टाइप केलं. पाटीवर आठ आलं. चेअरमननी घाम पुसला आणि स्वतःच टाळ्या सुरू केल्या.

पण दूध अजून यंत्रात होतं, आणि यंत्र दर पाच सेकंदांनी आपला आकडा पुन्हा पाठवत होतं. टाळ्या संपायच्या आत पाटीवर तीन आलं. गुंडूनं आठ मारलं. तीन. आठ. तीन. रांगेतल्या बायका आधी पदराआड हसल्या, मग पदर सोडून. धोंडुबाईनं किटली खाली ठेवली आणि पाटीवर येईल तो आकडा ती मोठ्यानं वाचू लागली. पाहुणेही मान वर करून बघत होते, त्यामुळे यंत्रातलं दूध काढायचं धाडस कुणाला होईना. गुंडूची बोटं दमली. यंत्र काही दमलं नाही.

बाळासो शांभवीजवळ आले आणि दातओठ खात म्हणाले, "ह्ये काय चाललंय?"

शांभवीनं पर्समधला कागद काढला आणि त्यांचीच सही त्यांच्यापुढं धरली.

"दुसरी बाजू, आण्णा. आता तीपण तपासून झाली."