लाल गाऊनवाला

"गेला! परत गेला!" कुंपणाच्या भिंतीवर बसलेली सुलास्त्री खिदळली. "अरे, केळीच्या झाडानं चेंडू काढून घेतला तुझ्याकडून! माझे बापाक तर पळतात, वर धक्केही मारतात."

गियान्तोनं घाम पुसला आणि बुंध्याशी अडकलेला चेंडू काढला. हसण्यावारी न्यायची गोष्टच नव्हती ही. सुलास्त्रीचा हात मागायला तो गेला, तेव्हा तिच्या बापाकांनी, म्हणजे वडिलांनी, बोनारींनी, त्याला गोड चहा पाजला, तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, भजी आग्रह करकरून खाऊ घातली आणि मग शांतपणे सांगितलं, "स्वातंत्र्यदिनाच्या सामन्यात मला एकदा चकवून पुढे जा. मग आईवडिलांना घेऊन ये. नाही जमलं, तर हा विषय बंद."

बोनारींना चकवायचं! वरच्या आळीच्या या बचावपटूला चकवायची गावात कुणाची बिशाद नव्हती. केस पिकले, पोट सुटलं, तरी त्यांच्याजवळ आलेला चेंडू त्यांचाच व्हायचा.

अपवाद एकच. गेल्या वर्षीचा लाल गाऊनवाला.

दर सतरा ऑगस्टला, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी, भाताच्या कापलेल्या खाचरात वरची आळी आणि खालची आळी फुटबॉल खेळायची. सगळे बाप्ये घरातल्या बायकांचे फुलाफुलांचे गाऊन घालून, डोक्याला रुमाल बांधून, तोंडाला पावडर थापून उतरायचे. रीतच होती तशी. बायका कडेला बसून पोट धरधरून हसायच्या.

गेल्या वर्षी गियान्तोच्या खालच्या आळीला एक गडी कमी पडला. तेवढ्यात उसातून एकजण आला. लाल गाऊन, पावडरीनं पांढराफटक चेहरा. चकार शब्द बोलला नाही. आणि मग जे झालं, ते आठवून गियान्तोच्या अंगावर अजून काटा यायचा. त्यानं खांदा डावीकडे झुकवला, तशी अख्खी वरची आळी डावीकडे धावली आणि हा पठ्ठ्या उजवीकडून निघून गेला. बोनारींच्या तर दोन पायांमधून चेंडू काढला त्यानं! गोल मारला आणि आला तसा उसात शिरला. लोक हसायचंच विसरले. सोलो शहराच्या मोठ्या संघातला असणार, असं कुणी म्हणालं. माझाच मावसभाऊ तो, असंही बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. बोनारींना विचारलं, तर ते चहा ओतत म्हणाले, "असेल कुणीतरी."

सुलास्त्रीला मात्र तो माहीत होता. "त्याला समोर यायचं नाही," ती म्हणायची. "पण तुझी कीव येते त्याला. निरोप देतो."

निरोप रोज यायचे.

"तो म्हणाला, चेंडूकडे आणि पायांकडे बघूच नकोस. बापाकांच्या कमरेकडे बघ. पाय फसवतात, कंबर नाही फसवत."

"तो म्हणाला, झेप घ्यायच्या आधी ते नाकानं फुस्स करतात. तेव्हाच चेंडू तळव्याखाली मागे ओढ."

"तो म्हणाला, त्यांचा डावा गुडघा कुरकुरतो. तिकडे वळायला वेळ लागतो."

"गुडघ्याचं त्याला कसं कळलं? मी इतकी वर्षं त्यांच्याविरुद्ध खेळतोय, मला नाही कळलं."

"म्हणून तर तू केळीशी खेळतोयस," सुलास्त्री म्हणाली.

तेवढ्यात तिची आई, इबू वार्सिनी, कमरेवर तेंपेची टोपली घेऊन बाहेर आल्या. पायात आलेला कोंबडा त्यांनी पायानंच इकडून तिकडे फिरवत खुराड्यात घातला आणि गियान्तोकडे बघून नाक मुरडलं.

"अजून चालूच का पोरखेळ? घोडे झालात नुसते! सुली, उठ, तेल तापलंय."

गियान्तोला बोनारींपेक्षा या बाईचीच जास्त धास्ती वाटायची. जावई म्हणून त्या आपल्याला दारात उभं करतील की नाही, देव जाणे.

सामन्याच्या दिवशी गाव लोटलं. सगळ्यांच्या नजरा उसाकडे होत्या, पण लाल गाऊनवाला काही आला नाही. गियान्तो हिरमुसला. आपलं कसब त्यानं एकदा बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"आईचा गाऊन शोभतो रे तुला!" कुणीतरी ओरडलं. "पोरीला कशाला मागतोस, स्वतःच नवरा बघ!"

सामना संपत आला, तेव्हा चेंडू त्याच्या पायात आला. समोर बोनारी, जांभळ्या गाऊनमध्ये, हात पसरून उभे. गियान्तोनं पायांकडे बघितलंच नाही. त्यानं कंबर बघितली. फुस्स! त्यानं चेंडू तळव्याखाली ओढला, खांदा एकीकडे टाकला आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याच्या बाजूनं सुटला. वारा अंगावरून गेला तेवढंच त्याला कळलं. मागे वळून पाहिलं, तर बोनारी मातीत बसले होते. बसलेलेच!

हे आपण केलं? त्याला खरंच वाटेना. त्या भरात गाऊन पायात अडकून तो तोंडावर आपटला आणि गोल राहिला. पण गोल कुणाला हवा होता?

शिट्टी झाल्यावर बोनारींनी त्याला जवळ बसवून घेतलं. पावडर घामानं ओघळली होती, तरी चेहरा हसत होता.

"मागणीचा मान म्हणून राजा केळ्यांचा घड घे आणि आईवडिलांना घेऊन ये," ते म्हणाले. "कुणी शिकवलं?"

"गेल्या वर्षीच्या लाल गाऊनवाल्यानं. बापाक, एकदा त्या माणसाच्या पाया पडायचंय हो मला."

बोनारी कडेला मांडलेल्या भज्यांच्या कढईकडे बघत राहिले. तिथे इबू वार्सिनी झारा फिरवत होत्या. त्यांनी मान काही वर केली नाही.

"मी मागणी घालायला गेलो, तेव्हा माझ्या सासऱ्यांनीही अशीच अट घातली होती," बोनारी गुडघा चोळत म्हणाले. "फक्त चकवायचं त्यांना नव्हतं, त्यांच्या लेकीला होतं. त्या दिवशी तिनं चेंडू मुद्दाम सोडला, म्हणून लग्न झालं. गेल्या वर्षी काही सोडला नाही."