रिकाम्या बशीतला कोळी

“खाली चार बारीक डोळे, वर दोन टपोरे आणि त्यांच्या मागे आणखी दोन,” मायक्रोस्कोपवरची मान न हलवता बेहेरे सर म्हणाले. “लांडगा कोळीच आहे. लिहून घे.”

मी लिहून घेतलं. वर्णन अचूक होतं. अडचण एवढीच, की कोळी अजून माझ्या हातातल्या अल्कोहोलच्या बाटलीत होता. भिंगाखालची काचेची बशी रिकामी होती.

डोळ्यांची मांडणी सगळ्याच लांडगा कोळ्यांची सारखी. नेमकी जात कळते ती मादीच्या पोटाखालच्या जननांगाच्या रचनेवरून. माझा प्रबंध तिथेच अडला होता आणि ती रचना ओळखणारा आमच्या विभागात हा एकच माणूस होता.

“सर, पोटाखाली काय दिसतंय?”

“तूच बघून सांग. किती दिवस माझ्या डोळ्यांनी बघणार आहेस?”

टेबलाची कड चाचपत ते बाजूला झाले. मी अजिबात आवाज न करता चिमट्याने कोळी बशीत ठेवला, उताणा केला आणि भिंगातून पाहिलं.

“मधला पडदा इंग्रजी टी अक्षर उलटं केल्यासारखा आहे, सर.”

“आडव्या दांड्याला खाच?”

“आहे. दोन्ही टोकांना.”



“मग ही जात अजून कुणी नोंदवलेली नाही. लांबला तुझा प्रबंध.”

मी कोळी परत बाटलीत सोडला.

“आणि पुढच्या वेळी कोळी ठेवताना चिमटा बशीवर वाजू दे,” सर म्हणाले. “मला आता त्यावरूनच कळतं.”