जिती माती

या खड्ड्यातही काही निघालं नाही. बाळासो कुदळीवर रेलला. "न्हाई," एवढंच म्हणाला.

बांधावर त्याची आई गिताबाई नवऱ्याच्या, तात्याबाच्या राखेचं मडकं मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी राख सावडल्यावर भावकीनं घोड नदीचं नाव काढलं. ती ऐकेना. राख रानातच ठेवायची, आणि तीही गांडूळ निघेल तिथंच. मेंढरं विकून तात्याबानं घेतलेलं हे रान. कालवा आल्यापासून उसामागून ऊस, पोत्यानं खत. आता सऱ्यांवर मिठासारखा पांढरा थर फुटला होता. ढेकूळ विटेसारखं फुटायचं.

"गांडुळं कशाला, वहिनी? घोडात मासं धरायचंत का?" दीर सोपानराव म्हणाला. कुणी हसलं नाही. पाटसच्या एसटीची वेळ होत आली होती.

"मेलेल्या मातीत मी त्यास्नी ठिवणार न्हाई," गिताबाई म्हणाली. डोळे मोतीबिंदूनं दुधाळ झालेले, पण मडक्यावरचा हात घट्ट होता.

सावडलेली राख परत घरात नेत नाहीत. बापाला, आबांना कुठंच जागा नाही, हे लेकीला, सुषमाला बघवेना. पाणी आणायचं निमित्त करून ती वस्तीवर गेली. मोरीचं पाणी कर्दळीखाली मुरत होतं. तिथं तिनं बोटांनी उकरलं. एक तांबडं गांडूळ हाताला लागलं.

मूठ पदराखाली धरून ती परत निघाली. मुठीत ते सावकाश वळत होतं. मागून कुणीतरी आपल्याच पावलांत पावलं टाकत येतंय, असं तिला सारखं वाटत होतं. तिनं वळून पाहिलं नाही. खड्ड्यात वाकून तिनं माती चिवडली.

"आई, सापडलं."

बाळासोनं बहिणीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मडकं काखेत धरून चाचपडत आलेल्या आईच्या तळव्यावर सुषमानं मातीसकट गांडूळ ठेवलं. गिताबाईनं तळवा नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

"साबनाचा वास येतोय," ती हलक्या आवाजात म्हणाली.

सुषमानं हात पदराला पुसले.

"तुझं आबाबी दर लागणीच्या टायमाला असंच मुठीत आणायचं. बघ म्हणायचं, माती जिती हाय."

"तुला कळायचं?"

"कळायचं की. वाटलं, आज तरी खरं निघंल."

गिताबाईनं दुसऱ्या हातानं मडकं कलतं केलं. राख पांढऱ्या मातीवर सांडली आणि मातीपासून वेगळी दिसेनाशी झाली. मग तिनं गांडूळ लेकीच्या तळव्यावर ठेवून वर तिची बोटं मिटली.

"जा, मोरीत सोडून ये. तुझ्या आबांची पाठ वळली की मीबी तेच करायची. हितं मरतंय ते."