रबरी नळीचा आठवडा

१९६१ सालच्या एप्रिलमध्ये रस्तेखात्याचा माणूस नेब्रास्कातल्या एका छोट्या गावाच्या टोकाला, धान्याच्या कोठाराजवळ, रस्त्यावर एक काळी रबरी नळी आडवी ठोकत होता. रस्त्याकाठी डायनर, म्हणजे छोटी खाणावळ, चालवणारी इर्मा व्होंद्रा पिठाच्या हातांनीच तिथवर चालत गेली.

"इथं उन्हात कशाला बसताय?" ती म्हणाली. "माझ्या डायनरसमोर टाका की. आत बसून मोजा."

तो हसला. "मी नाही मोजत, बाई. ही पेटी मोजते. नळीवरून चाकं गेली की आकडा पुढे सरकतो."

"मग पेटी मोजेल, तुम्ही खा. खसखशीचे कोलाचे आत्ताच भट्टीतून काढलेत."

त्याचं नाव प्रुइट. गरमागरम कोलाच्यांचा, त्या गोड पावांचा, वास पार कोठारापर्यंत येत होता. त्याने नळी उपटली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, डायनरच्या दारासमोर ठोकली. मग आत बसून चार कोलाचे खाल्ले.

नवा महामार्ग डायनरच्या मागच्या मक्याच्या शेतातून जाणार, हे कधीच ठरलं होतं. प्रश्न उताराचा होता. महामार्गावरून खाली यायची वाट आसपासच्या तीन गावांपैकी एकालाच मिळणार होती. ज्या गावाच्या रस्त्यावर गाड्या जास्त, त्याला. उरलेल्या दोन गावांनी खिडकीत बसून गाड्या भुर्रकन जाताना बघायच्या. वाटसरू वळले नाहीत, तर डायनर वर्षभरही तगणार नाही, हे इर्माला कोणी सांगायची गरज नव्हती.

डायनर म्हणजे मुळात रेल्वेचा जुना डबा. तिच्या सासऱ्याने आठ घोडे लावून तो रुळांपासून ओढत आणला होता. नेब्रास्कात धुळीची वादळं झाली त्या वर्षांत सासूने खिडक्यांना ओल्या चादरी लावून त्यात सूप वाढलं. नवरा गेला त्याच्या चौथ्या दिवशी इर्माने शेगडी पेटवली, कारण कापणीची माणसं दारात उभी होती. तेव्हापासून ती शेगडी एक दिवसही थंड पडली नव्हती.

नळी टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅड ह्रुस्का नेहमीसारखा कॉफी पिऊन निघाला आणि पाच मिनिटांत परत आला. शेतकरी, विधुर, बोलण्यात फटकळ.

"काय विसरलास?" इर्माने विचारलं.

"काही नाही. परत जायला आलोय." तो दार धरून नळीकडे बघत होता. "इर्मा, त्या पेटीला माणसं ओळखता येतात का गं? मी एकदा गेलो काय नि दहादा गेलो काय, तिला काय कळतंय?"

काउंटरवरच्या सगळ्यांनी चमचे खाली ठेवले.

दुपारपर्यंत सगळं गाव रस्त्यावर होतं. कोठारापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. लॅडने ट्रॅक्टरला गवताची गाडी जोडली आणि तिच्या मागे आणखी एक. इर्माला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून ती दारात किटली घेऊन उभी राही. पाच फेऱ्या झाल्या की एक कप फुकट.

फादर कुबातही आपली जुनी शेवरोले घेऊन आले.

"फादर, हे पाप तर नाही ना?" तिने हळूच विचारलं.

"रस्त्याने जाणं पाप कधीपासून झालं? आजाऱ्याला भेटायला चाललोय मी."

"कोण आजारी आहे?"

"तेच शोधतोय," फादर म्हणाले. "ही सहावी फेरी."

शुक्रवारी प्रुइटने पेटी उघडली. आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मिसेस व्होंद्रा, या गावात माणसं किती?"

"चारशे बारा."

"आणि ती सगळी जातात तरी कुठे?"

"माझ्याकडे," ती त्याचा कप भरत म्हणाली. "मग घरी. मग काहीतरी विसरलेलं असतं, की परत माझ्याकडे."

प्रुइटने खिशातून पेन्सिल काढली. "मला फक्त आकडा आणि जागा लिहायची असते," तो म्हणाला. "कारण लिहायला कागदावर रकाना नाही." त्याने दोन्ही लिहिलं, कॉफी संपवली आणि टोपी घातली.

सप्टेंबरमध्ये गावाच्या नावाने पत्र आलं. रविवारच्या प्रार्थनेनंतर फादरांनी पायरीवर उभं राहून त्याचं पहिलं पान वाचून दाखवलं. उतार गावाला मिळाला होता. पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही. त्या दुपारी सभागृहात अकॉर्डियन वाजला, बिअरची पिंपं उघडली. लॅडने इर्माला नाचायला ओढलं आणि तिच्या पायावर पाय दिला.

"आता मरेपर्यंत तुझी या शेगडीपासून सुटका नाही," तो म्हणाला.

"नकोच आहे मला," इर्मा म्हणाली. नवरा गेल्यापासून ती एवढी हसली नव्हती.

पुढे गाव जगलं. शाळा अजून भरते. उरलेल्या दोन गावांत आता चर्च आणि दफनभूमी एवढंच आहे. प्रुइटला बढती मिळून तो राजधानीत गेला. फादर कुबात आणखी वीस वर्षं इथेच होते, त्यांना इथेच पुरलं. लॅडने उताराच्या कडेला पेट्रोल पंप टाकला, तो आता त्याची मुलं बघतात. इर्मा लिंकन शहरात लेकीकडे राहायला गेली. दर ईस्टरला ती येई, लॅडच्या पंपावर त्याच्याशी घटकाभर बोलत बसे आणि संध्याकाळ व्हायच्या आत निघे.

रस्तेखात्याचा नियम साधा होता, आणि तो पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलेला होता: ज्या जागी सगळ्यात जास्त गाड्या मोजल्या गेल्या, उतार त्याच जागी बांधायचा, आणि तिथे जे काही उभं असेल ते मार्चअखेर पाडायचं.