बापाच्या तोंडचं सोनं

व्हिओरिकाच्या बापाच्या हिरडीतला पू रक्तावाटे पार हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला होता. "आधी तोंडातली घाण काढा, मगच छाती उघडतो," असं सर्जननं बजावलं, तेव्हा कुठे म्हातारा दातांच्या दवाखान्यात आला. डॉक्टरनं पुढच्या दातावरचं सोन्याचं टोपण उपसलं आणि मेलेल्या उंदरासारखा भपकारा सुटला. व्हिओरिकानं नाक दाबून धरलं. हाच दात विचकत हा माणूस अर्ध्या मोल्दोवा देशात मिरवला होता!

बापानं ते बरबटलेलं टोपण सदऱ्याला पुसून तिच्यापुढे धरलं.

"घे पोरी. सोन्याचा दात म्हणजे घराण्याची इभ्रत. लग्नाआधी तुझा पुढचा दात कानसून वर हे बसवू."

"बाबा, माझा दात चांगला धडधाकट आहे!"

"माझाही होता की गं. माझ्या बापानं मरताना स्वतःच्या तोंडातलं काढून दिलं मला. तोही बिचारा छातीच्या दुखण्यानंच गेला."